तासाचे किती?

"तासाचे किती?"

मेसेज एवढाच. ना नाव, ना नमस्कार. ऑकलंडच्या सँडरिंगहॅममध्ये एका देशी वाण्याकडे मी कोथिंबिरीच्या जुड्या निवडत उभी होते, आणि पर्सच्या आतल्या कप्प्यातला दुसरा फोन थरथरला. तो घेऊन जेमतेम चार दिवस झाले होते. या प्रश्नाचं उत्तर मी तीन आठवडे घोकत होते, तरी हात गार पडले. 250 लिहिलं, खोडलं. 180 लिहिलं, खोडलं. शेवटी 200 पाठवलं आणि पाठोपाठ, कुणी विचारलेलं नसताना, लिहिलं, "बघा, काहीतरी जमवू."

त्या 'जमवू'ची किंमत मी पुढे दोन महिने मोजली.

मी एस्कॉर्ट म्हणून काम करते. कुणाच्या हाताखाली नाही, स्वतंत्र. वय 41, मूळची सांगलीची, बी.कॉम., आता न्यूझीलंडची नागरिक. आठवड्याचे 25 तास एका रेस्ट होममध्ये केअरगिव्हर आहे, तेही काम चालूच आहे. या धंद्यात का आले ते इथे सांगणार नाही. विचारणाऱ्याला तेवढंच ऐकायचं असतं आणि ऐकून झालं की तो उठून जातो. मला सांगायचंय ते दराबद्दल, कारण ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

'नागरिक' हा शब्द मुद्दाम लिहिलाय. इथे हे काम गुन्हा नाही, पण ते सगळ्यांना खुलंही नाही. विद्यार्थी किंवा वर्क व्हिजावर आलेल्या मुलीला कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ते करता येत नाही. केलं तर देशाबाहेर काढू शकतात. बाकीचा कायदा मात्र वाचण्यासारखा आहे. 25 जून 2003 रोजी 'प्रॉस्टिट्यूशन रिफॉर्म ॲक्ट' इथल्या संसदेत 60 विरुद्ध 59 असा काठावर पास झाला. मी तो छापून घेतला आणि कॉलेजच्या सवयीने पेन्सिल घेऊन बसले. कलम 7 वर अडकले. या सेवेचा करार सार्वजनिक नीतीच्या सबबीवर बेकायदा किंवा रद्द ठरणार नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. सांगलीला आम्हाला 1872 चा भारतीय करार कायदा होता. त्याचं कलम 23 म्हणतं की कोर्टाला जो अनैतिक वाटेल तो करार रद्दबातल. त्याखालचं शेवटचं उदाहरण म्हणजे पोटची मुलगी ठेवलेली बाई म्हणून भाड्याने देण्याचा करार. सरांनी ते "घरी वाचा" म्हणून सोडून दिलं होतं. सगळ्या वर्गाने घरी जाऊन आधी तेच वाचलं.

तर करार पक्का. त्यात आकडा कोणता लिहायचा, याला कलम नाही.

माझा पहिला आकडा कसा निघाला ते सांगायला आज लाज वाटते. रेस्ट होममध्ये मला ताशी 28 डॉलर मिळतात. किमान वेतन तेव्हा 23.50 होतं, म्हणजे बरे म्हणायचे. मी 28 ला सातने गुणलं. सात का, ते मलाही सांगता येणार नाही. सहाने फार कमी वाटत होतं, आठने अंगावर येत होतं. 196 झाले, वरचे चार घालून 200. इतर बायकांच्या जाहिरातींत 300, 400, 500 असे आकडे दिसत होते, पण त्या तिशीच्या आतल्या, गोऱ्या, फोटोंत बिनधास्त. मी नवखी, सावळी, फोटोत चेहरा नाही. आपण कमीच लावायला हवं, हे मी कुणाशीही न बोलता स्वतःशी ठरवून टाकलं. गिऱ्हाइकाने घासाघीस करण्याआधी मीच माझ्याशी करून मोकळी झाले होते.

आता हे माझ्यात कुठून आलं, ते मला माहीत आहे. आई ब्लाउज शिवायची. आमच्या पुढच्या खोलीत पायमशीन होतं आणि भिंतीवर पुठ्ठ्याची पाटी : साधा ब्लाउज 15, अस्तराचा 22, फॉल-बिडिंग वेगळं. पाटी होती, पण दर नव्हता. शेजारच्या काकूंना 12. भिशीतल्या बायकांना "द्या हो काहीतरी". हूक, दोरा, कॅनव्हास घरखर्चातून यायचं, विजेचं बिल बाबांच्या पगारातून जायचं. संध्याकाळी आई म्हणायची, "आज साठ रुपये झाले," आणि खुशीत असायची. त्या साठातले किती तिचे, हे तिने कधी काढलं नाही. मी बी.कॉम. झाले, कॉस्टिंगला मला 71 मार्क होते, आणि मीही काढलं नाही.

पहिली फेरी वेलिंग्टनला केली. ऑकलंडमध्ये करणं शक्य नव्हतं. गणपतीत जे पाच-सहाशे मराठी चेहरे एका हॉलमध्ये दिसतात, त्यातला एखादा दारात उभा राहिला तर काय, या विचारानेच झोप उडायची. तीन दिवसांची रजा, विमान आणि एका बाईच्या फ्लॅटमधली दिवसाच्या भाड्याची खोली. ही बाई स्वतः याच कामात वीस वर्षं, पंचावन्नच्या पुढची, पार दक्षिणेच्या इन्व्हरकार्गिलची. चौघींपर्यंतच्या जागेला इथे वेगळा परवाना लागत नाही. अट एकच, प्रत्येकीच्या कमाईवर प्रत्येकीचाच ताबा हवा. मी तिला मनात ताई म्हणते. तोंडाने नावानेच, इथली तशी रीत.

पहिला माणूस आला तो माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला. सुताराचे हात होते त्याचे, नखांत व्हार्निश. त्याने पाकीट टेबलावर ठेवलं. आत 50 च्या चार नोटा, जांभळ्या, प्लास्टिकच्या, करकरीत. मी त्या काढल्या आणि विचार करायच्या आत डोळ्यांना लावल्या. भवानी. सांगलीच्या मंडईत भाजीवाली सकाळच्या पहिल्या पैशाचं जे करते, तेच. त्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याला वाटलं मी नोटा खऱ्या आहेत का ते तपासतेय. "बरोबर आहेत ना?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "बरोबर आहेत." भवानी म्हणजे काय ते त्याला कसं समजावणार होते!

तीन दिवसांत चार जण आले. 800 डॉलर. दोघांनी वेळ ठरवली आणि आलेच नाहीत. एक तर खाली रस्त्यावर पोचल्याचा मेसेज करून गायब झाला. शेवटच्या रात्री ताईच्या स्वयंपाकघरात मी वही काढली. वही म्हणजे माझी जुनी खोड. विमान 180. खोली तीन दिवसांचे 495. बस-टॅक्सी 40. जाहिरात 60. बाकी सामान आणि धुलाई 35. बेरीज 810.

मी दोनदा केली. 810 च.

म्हणजे मी तीन दिवस घर सोडून, पोटात गोळा घेऊन, दर वेळी दार उघडण्यापूर्वी आरशात बघून जे कमावलं, त्यात माझे दहा डॉलर गेले होते. ताई चहा ढवळत होती. तिने वही स्वतःकडे फिरवली आणि विचारलं, "फोनवरचे तास कुठे लिहिलेस?"

"ते कशाला लिहायचे?"

तिने माझा फोन मागितला. जो खाली रस्त्यावरून गायब झाला, त्याचे आणि माझे मेसेज तिने बोटाने वर सरकवत मोजले. 43. कोणते कपडे, किती वेळ, पार्किंग कुठे, तू नक्की कुठली, दर कमी होईल का, मग परत कोणते कपडे. "याने तुझी एक अख्खी संध्याकाळ फुकट नेली," ती म्हणाली. "आणि तू शेवटी त्याला सॉरी म्हटलंयस." खरंच म्हटलं होतं.

त्या रात्री मला पहिल्यांदा उमगलं की मी तास विकत नव्हते. तासाच्या अलीकडचे-पलीकडचे पाच तास मी फुकट देत होते, हूक-दोऱ्यासारखे. मेसेज, प्रवास, आंघोळ, चादरी, खोली आवरणं, आणि सगळ्यात जड म्हणजे तयार होऊन नुसतं बसून राहणं. रेस्ट होममध्ये मी नव्वदीच्या आजोबांना उचलते, पुसते, कपडे बदलते. तिथे ड्यूटीवर चढल्यापासून घड्याळ चालू होतं, कुणी आजोबा झोपलेले असले म्हणून माझा पगार थांबत नाही. इथे घड्याळ मीच दारातून आत आलेल्या माणसाच्या बुटांबरोबर चालू करत होते.

ताई म्हणाली, उद्यापासून 300, आणि 100 आगाऊ. आगाऊ या शब्दाला मी अडले. कुणाला न भेटताच पैसे कसे मागायचे? भीक मागितल्यासारखं, हावरट वाटेल. हे मी तिला इंग्रजीत सांगत असताना डोक्यात मात्र दुसराच आवाज वाजायला लागला, सांगलीतला.

आईकडे गोकुळनगरच्या बायका ब्लाउज शिवायला यायच्या. गोकुळनगर म्हणजे काय, ते सांगलीकराला सांगावं लागत नाही. दुपारी, गल्ली झोपलेली असताना यायच्या. मी नऊ-दहा वर्षांची असेन. त्यांच्यातली एक अक्का होती, ठसठशीत कुंकू, तोंडात पान, कानडी हेल. ती कधी घासाघीस करायची नाही आणि कापड टाकतानाच निम्मे पैसे मशीनच्या फळीवर ठेवायची. आई संकोचून म्हणायची, "असू दे हो, नेताना द्या." एकदा अक्का वैतागली. "वैनी, आगाऊ घ्यायला लाजू नगा. कापड कापलं की माणूस बदलतंय." आई हसली. घेतले, पण बाकीच्या कुणाकडून तिने कधी आगाऊ मागितले नाहीत. आमच्या कपाटात न नेलेले ब्लाउज वर्षानुवर्षं पडून असायचे, लोकांच्या मापाचे.

पुढे 1996 मध्ये या बायकांची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' सांगलीतच उभी राहिली. मी सहावीत होते. आईने ते नाव दबक्या आवाजात उच्चारलेलं आठवतं. अक्का त्यात होती की नाही, ठाऊक नाही. पण वेलिंग्टनमधल्या त्या टेबलाशी बसून मला कळलं की माझ्या धंद्याचं पहिलं शिक्षण मला दहाव्या वर्षीच मिळालं होतं, आणि ते मी आईच्या बाजूने ऐकलं होतं, अक्काच्या नाही.

300 आणि आगाऊ सुरू केल्यावर मेसेज एकदम निम्म्यावर आले. मला धडकी भरली. पण आलेल्या बुकिंगांतले जवळजवळ सगळे ठरल्या वेळी दारात हजर राहिले. 200 ला जे येत होते त्यांना 150 हवे होते; 300 ला येणाऱ्यांना बहुधा फक्त वेळ हवी होती. असं का, ते अर्थशास्त्रातल्यांनी सांगावं.

घासाघीस पूर्ण थांबली असं नाही. एका रात्री मेसेज आला, इंग्रजी अक्षरांत पण चक्क मराठीत : "तुम्ही मराठी आहात का? मग आपल्या माणसाला काही कमी?" माझ्या इंग्रजीतल्या कुठल्या वळणावरून त्याने ओळखलं, देव जाणे. पहिली दोन मिनिटं मी भीतीने खुर्चीला चिकटले. नंतर हसू फुटलं. सातासमुद्रापलीकडे, असल्या कामात, माणूस ओळखीवर पाच-पन्नास सोडवून घ्यायला बघतोय! शेजारच्या काकू आठवल्या, 12 रुपयांवाल्या. मी उत्तर दिलं नाही, नंबर ब्लॉक केला.

पण एकदा मात्र मी स्वतःहून घसरले. एक विधुर गृहस्थ होते, सत्तरीचे. दोन तासांचं बुकिंग. आले, कोट खुर्चीला लावला आणि बायकोबद्दल बोलायला लागले. ती टोमॅटोची चटणी कशी करायची, बरण्यांवर तारखा कशा लिहायची. दोन तास हेच. निघताना त्यांनी उरलेले 500 पुढे केले आणि मी 100 परत दिले. म्हटलं, आपण नुसतं बोललोच तर. त्यांचा चेहरा पडला. ते पैसे घेईनात, मी सोडीना, दारात आमची ओढाताण. शेवटी घेऊन गेले. ताईला सांगितलं तर ती इतकी चिडली की मी बघतच राहिले. "त्या माणसाने तुझे दोन तास घेतले होते. तू त्याला सांगितलंस की त्यांची किंमत कमी होती." ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. मला अजूनही वाटतं की त्यांना माझी ती शंभराची दया आवडली नाही.

आणि एका गोष्टीला दरच नाही, हेही इथेच लिहून टाकते. निरोध नको म्हणून वर 500 देऊ करणारे भेटतात, सभ्य कपड्यांतले. कायद्याने तो दोघांवरही बंधनकारक आहे, मोडणाऱ्याला 2,000 डॉलरपर्यंत दंड. पण दंडाची भीती बाजूला ठेवा. हे वाक्य ऐकलं की मी बुकिंग तिथेच संपवते. कलम 17 प्रमाणे मला कोणत्याही क्षणी, कोणत्याही करारानंतर, नाही म्हणता येतं. त्या वेळी पैसे किती परत द्यायचे याची चर्चा मी करत बसत नाही. पाकीट आहे तसं देते आणि दार उघडते.

डिसेंबरात हिशेबनीसाकडे गेले. काय काम करता, असं तिने विचारल्यावर मी घसा साफ केला, तोवर तिने यादी उघडून विचारलं, "म्हणजे 9534 ना?" ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची धंद्यांची सरकारी वर्गवारी आहे. 9531 म्हणजे लॉन्ड्री, 9532 फोटो धुऊन देणारे, 9533 पार्किंग, 9534 आम्ही. बाजूच्या बाजूला. मला का कोण जाणे, फार बरं वाटलं. तिने विचारलेले प्रश्न अगदी कोरडे होते. विमान कामासाठीच ना? पावती आहे? फोन दोन का?

तिने जे समजावलं त्याने माझा दर पुन्हा हलला. इथे जीएसटी 15 टक्के. बारा महिन्यांची उलाढाल 60,000 डॉलरच्या वर गेली की नोंदणी सक्तीची. उलाढाल, नफा नव्हे. आईचे 'साठ रुपये', हूक-दोऱ्यासकट. मी त्या आकड्यापासून लांब होते. पण समजा उद्या 400 दर असताना तो ओलांडला आणि दर तसाच ठेवला, तर त्या 400 तले 52 डॉलर 17 सेंट सरकारचे. हातात 400 च राहायला हवे असतील तर 460 लावायला लागतील. आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला एका सकाळी साठ वाढवून सांगणं म्हणजे दूधवाल्याने सणाच्या आदल्या दिवशी भाव वाढवल्यासारखं. म्हणून आधीपासून थोडं वर राहा, ती म्हणाली. शिवाय या कमाईतून कर कुणी आपोआप कापत नाही. त्या आठवड्यापासून प्रत्येक बुकिंगचा चौथा हिस्सा मी वेगळ्या खात्यात टाकते आणि त्या खात्याचं कार्ड घरी ठेवते.

जानेवारीत 400 केला. आकडा लिहिणं जमायला लागलं होतं, बोलणं जमत नव्हतं. फोनवर कुणी विचारलं की मी "चारशे" म्हणायचे आणि लगेच पुढे बोलत सुटायचे : म्हणजे त्यात अमुक आहे, खोली मध्यावर आहे, पार्किंग आहे. ताईने मला तिच्यासमोर उभं करून म्हणायला लावलं. चारशे. आणि गप्प. मी दहा वेळा चुकले. चारशेनंतरची ती शांतता मला सोसायची नाही. वाटायचं पलीकडचा माणूस दुखावलाय, आता त्याची समजूत घालायला हवी. आम्हाला घरी शिकवलेलं सगळं त्या दोन सेकंदांत घशाशी यायचं. अकराव्या वेळी जमलं. मग ती म्हणाली, आता मराठीत म्हण. मराठीत मला ते आजही जमत नाही.

31 मार्चला इथलं आर्थिक वर्ष संपतं. त्या रात्री मी वही घेऊन बसले. जुलैपासून नऊ फेऱ्या. पैसे मिळालेले तास 71 : चार 200 ने, सव्वीस 300 ने, एक्केचाळीस 400 ने. विधुराचे ते शंभर मी वजा केले नाहीत, खर्चात टाकले. एकूण 25,000. सगळा खर्च, म्हणजे विमानं, खोली, जाहिराती, फोटो, हिशेबनीस, फोन, धुलाई धरून, 9,000. उरले 16,000. डिसेंबरपासून कामाचा प्रत्येक तास मी लिहीत होते, त्याआधीचे फोनवरून काढले. मेसेज, प्रवास, वाट बघणं सगळं धरून 410.

16,000 भागिले 410. ताशी 39 डॉलर, कर भरण्याआधी.